साखराबाईनं टाकी कचेरीत नेली

साखराबाईच्या लोण्याला नांदेडात कुणी घासाघीस करत नसे. ती गल्लीतून हाळी न देता जायची आणि तरी दारं उघडायची. गोदावरीच्या दक्षिण अंगाला पिंपळटाकळी हे तिचं गाव. घरची काळी जमीन, दावणीला म्हशी, आणि नवरा व्यंकट मान खाली घालून राबणारा. म्हशी तिच्या, ताक तिचं, लोणी तिचं आणि तोंडही तिचंच, असं गावात म्हणत. व्यंकटला कुणी काही विचारलं की तो म्हणायचा, "घरात इचारतो." लोक हसायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे.

ती भांडखोर होती म्हणावं, तर तसंही नाही. शिवी तिच्या तोंडात कधी आली नाही. पण कुणी खोटं बोललं, मापात मारलं, दुबळ्याला दटावलं की तिच्या कपाळाची शीर तटतटायची, आणि मग समोर पाटील असो की पुजारी, ती बोलून मोकळी व्हायची. तिची सासू म्हणायची, "लोकांच्या नाकावर राग असतो. हिचं नाकच रागाचं हाय."

बाजाराला नदी ओलांडायची ती बसवंताच्या नावेतून. बसवंत कोळी. नाव त्याची नव्हती. सरकारातून जो नदीचा गुत्ता, म्हणजे उतारू नेण्याचा ठेका, घेईल त्याची ती नाव. पण वल्हं मात्र आज्या-पणज्यापासून बसवंताच्याच घरात. रुंद बुडाची जुन्या सागवानाची नाव, मधोमध डोलकाठी आणि तिला ठिगळाठिगळांचं शीड. श्रावणात नदी दोन्ही काठ धरून वाहू लागली आणि वारा शिडात भरला की बसवंत नाव धारेच्या उलटी वर न्यायचा आणि मग आडवी सोडून बरोबर घाटाला लावायचा. वारा पडला तर मात्र माणसं भाजीच्या पाट्या मांडीवर घेऊन काठावर बसून राहायची. कुरकुरायची, पण नदीवर कोण रागावणार?

मग तिकडं युरोपात लढाई सुरू झाली आणि इकडं नदीचा गुत्ता बापूसाहेबांकडं आला. बापूसाहेब हैदराबादेत शिकलेले, शेरवानी घालणारे, बोलायला गोड. त्यांनी आल्याआल्या एक मोडीत निघालेली लॉरी विकत घेतली, तिचं इंजिन काढलं आणि मिस्त्री आणून ते नावेच्या मागच्या अंगाला बसवलं. वारा असला तर शीड, नसला तर इंजिन. थोडं पेट्रोल पाजून सुरू करायचं आणि मग राकेलवर पळवायचं. पहिल्या दिवशी नारळ फुटला. साखराबाईनंही इंजिनाला कुंकू लावलं. वारा पडल्या दिवशी नाव फटफट करत पैलतीराला गेली तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं होतं, हे खोटं नाही.

इंजिनाबरोबर लॉरीचीच टाकी आली होती, तिच्यातच राकेल भरायचं. चपटी, लोखंडी, गंजायला लागलेली. मागच्या फळीवर बायका बसत. त्या फळीखाली, नावेच्या बुडावर ती तशीच टेकवली. खाली ठोकळा नाही, काही नाही. नावेच्या बुडात पाणी हे असतंच, कितीही उपसा. टाकीचं बूड त्या पाण्यात रात्रंदिवस भिजत राहिलं.

पावसाळा अर्धा सरला असेल. साखराबाई वकिलांच्या दारी पाटी घेऊन गेली, तर वकिलांच्या सौदामिनीबाई उंबऱ्यातच उभ्या. हातात तुपाचं भांडं.

"साखराबाई, राकेल कालवून लोणी विकायला लागलात का हो?"

"काय म्हनता बाई?"

"काल सत्यनारायण होता घरी. तुमच्या लोण्याचं तूप, त्याचा शिरा. गुरुजींनी पहिला घास तोंडात घातला आणि उठून अंगणात थुंकून आले. चारचौघांत माझी मान खाली गेली. पाहा, तुम्हीच चाखून पाहा."

गल्लीतल्या बायका दारादारांतून बघत होत्या. साखराबाईनं बोटावर तूप घेतलं, जिभेला लावलं. तूप रवाळ होतं, पिवळंधमक होतं, आणि त्याला राकेलाचा वास होता. कढवूनसुद्धा गेला नव्हता. लोण्याचा स्वभावच तसा. शेजारी कांदा ठेवला तर कांद्याचा वास धरतं.

भांडं घेऊन तिनं तूप गटारीत ओतलं, पाटीतल्या लोण्याचा वास घेतला, तेही नालीत टाकलं, आणि रिकामी पाटी काखेत मारून तरातरा घाटावर आली.

नाव उभी होती. बसवंत शिडाचा दोर वळत बसला होता. साखराबाईनं काही न विचारता मागची फळी उचलली. खाली बुडातल्या पाण्यावर मोरपंखी रंगाचा तवंग हलत होता. टाकीच्या कडेला पांढरं काहीतरी थापलेलं दिसलं. तिनं नखानं खरवडलं, वास घेतला.

"बसवंता, हे काय हाय?"

"साबण हाय, आक्का."

"टाकीला साबण? आंगूळ घालून राहिलास का तिला?"

बसवंत खाली मान घालून म्हणाला, "गळून राहिली ना टाकी. मालक म्हनले साबण दाब, चिंधी कोंब. राकेलात साबण इरघळत न्हाई. पन भायेरून पानी लागतं, त्यात इरघळतो. रोज दाबावं लागतं."

"आन् तू रोज दाबतोस?"

"मालक सांगतेत, आक्का."

साखराबाई तशीच बापूसाहेबांच्या घरी गेली. ते ओसरीवर पान लावत बसले होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी द्यायला सांगितलं. तिनं पाणी घेतलं नाही. जे घडलं ते सांगितलं आणि म्हणाली, "टाकी बदला."

बापूसाहेब हसले. "साखराबाई, तिकडं लढाई पेटली आहे. सगळा पत्रा तोफा-बंदुकांना चाललाय. मी टाकी आणू कुठून?"

"लढाई तिकडं पेटली, तर राकेल आमच्या बुडाखाली कशापायी?"

"तुम्ही असं करा, लोणी पुढच्या अंगाला ठेवत जा. मी बसवंताला सांगून ठेवतो."

"लोणी पुढं ठेवीन. लेकरं कुठं ठेवू? त्या फळीवर बायका लेकरं घेऊन बसतेत, साहेब. एक ठिणगी पडली तर?"

"अहो, राकेल असं पेटत नाही. पेट्रोल पेटतं. तुम्हाला त्यातलं काय कळतंय?" असं म्हणून त्यांनी पान तोंडात टाकलं. म्हणजे बोलणं संपलं.

पण चार दिवसांनी त्यांचा निरोप पिंपळटाकळीच्या पाटलाकडं आला. गावानं तांब्याची मोड जमवून द्यावी, आपण तांबटाकडून नवी टाकी करून घेऊ. नाव शेवटी गावाच्याच सोयीची आहे. चावडीपुढं माणसं जमली. पाटलानं मान हलवली, आणखी दोघाचौघांनी हलवली. कुणी म्हणालं, आमच्याकडं एक फुटकं घंगाळ आहे. घरोघर बायका माळ्यावर चढायला निघाल्या होत्या, तेवढ्यात साखराबाई चावडीपुढं येऊन उभी राहिली. बायकांनी तिथं यायची रीत नव्हती. व्यंकटनं डोळे मिटून घेतले.

"पाटील, नदीचा गुत्ता कुनाचा? बापूसाहेबांचा. उतारूचा पैका कुनाच्या घरात जातो? बापूसाहेबांच्या. आन् भांडी आमची? आज टाकी गळाली तर हंडे द्या. उद्या म्हनतील शीड फाटलं, लुगडी द्या!"

माणसं हसली. हसण्यावारीच मोड गोळा करायचं राहून गेलं. पण तिला हवं होतं ते हसू नव्हे. तिला वाटलं होतं, गाव उठेल, चारजण बापूसाहेबांकडं जातील. कुणी गेलं नाही. पुढच्या बाजाराला सगळे पुन्हा त्याच फळीवर बसले, आणि तीही बसली. नदीला दुसरी वाट कुठं होती? तिनं लोण्याचं मडकं मांडीवर घेतलं, वरून पदर झाकला, आणि पायाखालच्या फळीकडं बघत राहिली.

भादव्यात महालक्ष्म्यांच्या आधीचा बाजार म्हणजे वर्षाचा मोठा बाजार. मुखवटे सजवायचे, सोळा भाज्या आणायच्या, लेकी माहेरी यायच्या. येताना नाव ठासून भरली होती. नदी फुगलेली, वारा पडलेला. शीड निम्मं वर चढवून इंजिन चालू केलेलं. मधल्या धारेत आल्यावर इंजिन खोकलं, थांबलं. बसवंतानं पुन्हा फिरवलं. ते पुन्हा खोकलं, त्याच्या तापलेल्या नळीतून ठिणग्या उडाल्या, आणि फळीखाली भक्क असा आवाज झाला.

साखराबाईनं पहिल्यांदा पाहिला तो उजेड, फळीच्या फटींतून वर येणारा. मग बायकांच्या किंकाळ्या. तिच्या शेजारच्या लेकुरवाळीचा पदर पेटला. साखराबाईनं हातातलं न खपलेल्या दह्याचं गाडगं तिच्या अंगावर उपडं केलं, लेकरू ओढून पुढच्या माणसांच्या हातात दिलं. कुणी नदीचं पाणी ओंजळीनं मारायला लागलं, तशी आग पाण्यावर पसरत पुढं सरकली. माणसं कडेला धावली, नाव कलली.

"उड्या मारू नका!" बसवंत ओरडला. "धार वढून नेईल! बसा खाली!"

त्यानं दोर सोडला. शीड धाडकन खाली आलं. ते त्यानं नदीत बुचकळलं, सगळ्या अंगाच्या जोरानं ओढून वर घेतलं आणि इंजिनावर, टाकीवर, पेटत्या फळीवर टाकलं. कडा उचलून ज्वाळा बाहेर येत होत्या. तिथं तो हातांनी शीड दाबत होता. दाबत होता आणि ओरडत होता, पण हात काढत नव्हता. मग धूर काळा झाला, पांढरा झाला, आणि बंद झाला.

नाव वाहत वाहत नांदेडच्या बाजूला एका बाभळीच्या बेटाला अडकली. माणसं कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आली. कुणी मेलं नाही. काठावर बसून बायका रडत होत्या, लक्ष्म्यांचं सगळं सामान नदीत गेलं होतं. बसवंत ओल्या वाळूत हात खुपसून बसला होता. साखराबाईनं ते हात पाहिले आणि तोंड फिरवलं.

तिला वाटलं, आता तरी. आता तरी टाकीचं नाव निघेल.

निघालं ते भलतंच. दुसऱ्या दिवशी ती धार काढत होती, तेव्हा व्यंकट गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"बसवंताला हवालातीत टाकलं म्हनं."

"कशापायी?"

"नावेत इडी वढत व्हता. तिच्यानंच आग लागली, असं बापूसाहेबांनी ठाण्यातल्या अमीनसाहेबाला सांगितलं. आन् त्यानंबी कबूल केलं."

"कोन? बसवंत?" तिनं चरवी खाली ठेवली. "दुसऱ्यानं इडी पेटवली तरी ज्याला उबळ येती, त्यो?"

म्हैस अर्धीच पिळलेली राहिली. कोळ्यांच्या एका लहान डोंगीतून दोघं नांदेडला आली. शिपायानं आधी हटकलं, मग तिचा चेहरा पाहून बाजूला झाला. गजांमागं बसवंत भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हातांना हळद-तेलाच्या चिंध्या.

"तू हाव म्हनलास?"

बसवंतानं तोंड भिंतीकडं केलं.

"माझ्याकडं बघ. तू इडी वढलीस म्हनून सांगितलंस?"

"घर मालकाच्या जाग्यात हाय, आक्का."

"म्हनून? साऱ्या गावाला जाळायला निघालेला मानूस तू? हे हात घिऊन तू चोर, आन् पान खात बसलेला त्यो साव?" तिनं गज धरले. "तुझ्याबिगर आमी आज नदीच्या तळाला असतो, बसवंता. आन् तूच म्हनतोस की आग तुझी?"

"जाऊ द्या आक्का."

"न्हाई जाऊ देत. तुला मी सोडवीन. पन ध्यानात ठिव, आजपून तुझ्याशी बोलनार न्हाई."

बाहेर आल्यावर तिला कळलं, बापूसाहेबांचा माणूस डांबराचा डबा घेऊन नावेकडं गेला आहे. टाकीला डांबर फासायचं, फळ्या बदलायच्या, आणि पुढच्या बाजाराला नाव पुन्हा पाण्यात. ती काठाकाठानं जवळजवळ पळतच निघाली. नाव वाळूवर ओढून ठेवलेली होती. बापूसाहेबांचा माणूस चुलीवर डांबर वितळवत होता.

"सरक," ती म्हणाली.

टाकी लोखंडी पट्टीनं आवळलेली होती. साखराबाईनं पट्टी ओढून पाहिली, हलेना. व्यंकट पाठीमागं उभा होता. पहार शेजारीच पडली होती.

"चोरी म्हनतील," व्यंकट हळूच म्हणाला.

"म्हनू द्या."

व्यंकटनं क्षणभर नदीकडं पाहिलं. मग पहार उचलली, पट्टीखाली घातली आणि अशी दाबली की खिळे उडून वाळूत पडले. डांबरवाला अडवायला आला, तसं व्यंकटनं नुसतं त्याच्याकडं पाहिलं. हातात पहार होती, बोलायची गरज पडली नाही.

पदराची चुंबळ करून साखराबाईनं ती काळीठिक्कर टाकी डोक्यावर घेतली. आत उरलेलं गंजाचं पाणी आणि राकेल तिच्या खांद्यावरून, पाठीवरून ओघळत होतं. ती घाट चढून बाजारात शिरली. भर दिवसा, सगळ्या दुकानांपुढून. कुणी विचारलं, "काय गं बाई हे?" ती थांबली नाही. माणसं मागं चालू लागली. वकिलांच्या घरापाशी सौदामिनीबाई दारात आल्या.

"साखराबाई! हे काय डोक्यावर?"

"तुमच्या सत्यनारायणाचा परसाद," ती म्हणाली, आणि चालत राहिली.

सौदामिनीबाई दोन पावलं तिच्या मागं आल्या. मग उंबरा, लोक, वकीलसाहेब, सगळं आठवून थांबल्या. पण त्यांचे डोळे भरून आले होते, हे व्यंकटनं पाहिलं.

कचेरीच्या पायऱ्यांवर चपराशी आडवा झाला. तोवर मागं गर्दी झाली होती. तिच्या रेट्यानंच साखराबाई व्हरांड्यात पोचली. तिनं टाकी फरशीवर ठेवली तेव्हा एवढा आवाज झाला की तहसीलदारसाहेब आतून बाहेर आले. वयस्क माणूस, मेंदी लावलेली दाढी.

"ये क्या है?"

त्यांचे कारकून, पेशकार रेणुकादास, मराठीत विचारायला लागले, पण साखराबाईला त्यांची गरज वाटली नाही. व्हरांड्यात रांजण होता. तिनं घागर बुडवली आणि टाकीच्या तोंडात ओतली. टाकीच्या बुडातून पाणी वळचणीसारखं गळायला लागलं. एका जागेतून नाही, सगळीकडून. फरशीवर पसरलं, पेशकारांच्या जोड्यांत गेलं. तिनं दुसरी घागर ओतली.

"ही टाकी बापूसाहेबांच्या नावेतली. हिच्यावर आमी बसून राहिलो व्हतो, लेकरं घिऊन. आता इडीचं सांगा."

बापूसाहेबांना बोलावणं गेलं. ते आले, आदाब केला, टाकी पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "हुजूर, आगीत पत्रा उडाला. भोकं आगीची आहेत."

साखराबाई खाली वाकली. टाकीचं बूड पाण्यात होतं म्हणून तिथं आग पोचली नव्हती. शिवणीत बोट घालून तिनं चिकट, पांढरा गोळा उपसला. त्याच्याबरोबर धोतराची चिंधी आली. ती तिनं बापूसाहेबांपुढं धरली.

"आग लागल्यावर कुनी साबण लावत बसलं व्हतं काय?"

गर्दीत कुणीतरी मोठ्यानं हसलं. तहसीलदारसाहेब हसले नाहीत. त्यांनी तो गोळा हातात घेतला, चोळला, नाकाला लावला. आणि म्हणाले, "मल्लाह को लाओ."

बसवंताला आणलं. त्यानं टाकीकडं पाहिलं, बापूसाहेबांकडं पाहिलं. बापूसाहेबांनी घसा खाकरला. साखराबाई त्याच्याकडं बघत नव्हती. ती भिंतीकडं तोंड करून उभी होती. टाकीतलं पाणी गळतच होतं.

मग बसवंतानं चिंध्या गुंडाळलेले दोन्ही हात समोर धरले.

"साबण म्याच लावला, सरकार. मालकाच्या सांगन्यावरनं. रोज लावला. इडी म्या वढत न्हाई. कवाच वढली न्हाई."

व्यंकटनं पुढं होऊन त्याला धरलं.

त्याला त्याच दिवशी सोडलं. नवी टाकी बसेपर्यंत नाव पाण्यात घालायची नाही, असा हुकूम झाला. आणि बापूसाहेबांना समज देण्यात आली.

"समज दिली म्हंजी काय दिलं?" साखराबाईनं पेशकारांना विचारलं.

"म्हणजे पुन्हा असं करू नका, असं सांगितलं."

"ते तर मीबी सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "ह्यो गरीब हवालातीत, आन् त्याला समज? काय न्याव हाय!"

रेणुकादास ओले जोडे झटकू लागले.

लढाई थांबली नव्हती. तरी आठवड्याच्या आत बापूसाहेबांना तांब्याचा चांगला जाड पत्रा मिळाला. कुठून मिळाला, असं साखराबाई भेटेल त्याला विचारत होती. पत्रा पंचाक्षरी तांबटाकडं गेला आहे असं कळल्यावर ती तिथं जाऊन बसली. पंचाक्षरी हाताचा चांगला, पण डोक्यावर कुणी बसलेलं त्याला खपत नसे.

"बाई, माझ्या बापानं देवळांचे कळस घडवलेत. मला शिकवू नका."

"कळसात राकेल भरत न्हाईत," ती म्हणाली, आणि हलली नाही.

त्यानं शिवणी खिळ्यांनी जोडल्या, वरून कथलाचा डाख देऊन फटी बुजवल्या. आत आडवा पत्रा घातला, नाव हलली तरी तेल उसळू नये म्हणून. टाकी तयार झाल्यावर साखराबाईनं ती पाण्यानं काठोकाठ भरायला लावली आणि खाली कोरडी राख पसरली. एक थेंब पडला तरी राखेत दिसेल. ती दिवसभर राखेकडं बघत बसली. पंचाक्षरी आधी चिडला, मग त्यानं तिच्यासाठी भाकरी आणवली, आणि संध्याकाळी दोघं मिळून राख तपासू लागले. राख कोरडी होती. पंचाक्षरीच जास्त खूश झाला.

या खेपेला टाकी बुडावर टेकवली नाही. इंजिनापासून दूर, लाकडी ठोकळ्यांवर उंच बसवली, तळाशी तोटी, आणि खाली पडलंझडलं गोळा करायला परात.

कोजागिरीच्या बाजाराला नाव पुन्हा निघायची होती. घाटावर आंब्याची पानं बांधली. बापूसाहेबांच्या गळ्यात हार पडला. रयतेच्या सोयीसाठी, पदरमोड करून, लढाईच्या दिवसांत, तांब्याची टाकी, असं ते बोलत होते, आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्या आगीतून वाचलेलेही वाजवत होते. साखराबाईला वाटलं, आपल्या अंगाचं पाणी होऊन उकळतंय.

नावेच्या सुकाणूवर एक नवाच माणूस बसला होता. बसवंत घाटाच्या पायरीवर, हात मांडीवर उपडे ठेवून. जखमा भरल्या होत्या, पण बोटं आखडून आत वळली होती.

भाषण संपलं. "चला, बसा," बापूसाहेब म्हणाले.

"बसवंत कुठं बसनार?" साखराबाईनं विचारलं.

"अहो, त्याच्याच्यानं आता दोर धरवत नाही. वल्हं धरवत नाही. मी काय करू?"

"हात गेले, काख हाय की. सुकाणू काखंत धरता येतं. बसवंत सुकाणूवर बसल्याबिगर मी पाय ठेवनार न्हाई."

बापूसाहेब हसले. "नका ठेवू."

ती पायरीवर बसली. मग जिचा पदर पेटला होता ती लेकुरवाळी येऊन तिच्या शेजारी बसली. मग आणखी एक. बायका बसत गेल्या, पाट्या खाली ठेवत गेल्या. बायका बसल्यावर पुरुष एकटे जाऊन करणार काय? तेही रेंगाळले. हारातली झेंडूची फुलं उन्हात कोमेजेपर्यंत नाव रिकामी डुलत राहिली. शेवटी बापूसाहेबांनी गळ्यातला हार काढून कुणाच्यातरी हातात दिला आणि म्हणाले, "बसवा त्याला. बसवा."

बसवंत सुकाणूचा दांडा काखेत धरून बसला. पहिल्या दिवशी नाव जरा नागमोडी गेली. पण गेली.

बापूसाहेबांकडं गुत्ता पुढंही राहिला. बसवंताला त्यांनी जागेतून काढलं नाही. गावाचे डोळे होते तोवर काढता आलंही नसतं. साखराबाईचा राग काही निवला नाही. घाटावर त्यांना पाहिलं की ती मोठ्यानं म्हणायची, "समज दिलेले साहेब आले." आणि बसवंताशी ती बोलायची नाही. रोज त्याच्या नावेत बसायची, उतरताना त्याच्या घरासाठी ताकाची लोटी फळीवर ठेवायची, पण एक शब्द नाही.

माघात नदी उतरली. एके दिवशी वारा चांगला होता म्हणून इंजिन बंद होतं. शीड भरलेलं, नाव नुसत्या पाण्याच्या आवाजावर चालली होती. साखराबाई मागं एकटीच होती.

"आक्का," बसवंत म्हणाला, "आता तरी बोला."

ती त्याच्याकडं वळली.

"आधी सांग, हाव का म्हनलास? जाग्याचं सांगू नकोस. खरं सांग."

बसवंतानं दांडा काखेत नीट आवळला.

"भ्याव वाटलं."

"कुनाचं?"

"कुनाचं म्हंजी... सगळ्याचंच. मालकाचं, अमीनाचं. हात भाजले व्हते, लई ठनकत व्हते. वाटलं, हाव म्हनलं की सोडतील, निजाया भेटंल."

साखराबाईनं त्याच्या वळलेल्या बोटांकडं पाहिलं. तिच्या कपाळाची शीर तटतटली, पण या वेळी राग बसवंतावर नव्हता.

"मग तवाच असं सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "मी उगाच इतके दिस गप ऱ्हायले. तुला ठाव न्हाई, मला गप ऱ्हायला किती जड जातं ते."

बसवंत हसला. त्या हसण्यात दांडा सुटला, नाव गर्रकन वळली, शीड फडफडलं, आणि पुढं बसलेली माणसं एकदम ओरडली.

"बघ की पुढं!" साखराबाई म्हणाली, आणि उठून तिनं दुसऱ्या बाजूनं दांडा धरला.